थंडीत पोलाद काचेसारखं का तुटतं? भंडाऱ्याच्या मँगनीजशी नातं असलेल्या रॉबर्ट हॅडफिल्डची गोष्ट

जानेवारीत लाखनीचा पारा दहाच्या आसपास आला की चौकाचौकात शेकोट्या पेटतात आणि व्हॉट्सॲपवर धुक्याचे फोटो फिरायला लागतात. मे महिन्यात हेच गाव पंचेचाळीस अंशांत भाजून निघतं. गावातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो, जुन्या लोकांसाठी तो अजूनही एनएच ६ च. त्यावरच्या पुलांवरून रात्रंदिवस ट्रक धडधडत असतात. त्या पुलांना आपली थंडी म्हणजे काहीच नाही.

पण समजा, असाच एखादा पूल उचलून लडाखमधल्या द्रासला नेऊन ठेवला. तिथे हिवाळ्यात उणे वीस अंश ही काही बातमी नसते. पोलाद तेच, काँक्रीट तेच, वरून जाणारा ट्रकही तोच. पूल टिकेल का?

या प्रश्नाचं उत्तर शोधत मागे मागे गेलो की इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातला एक माणूस भेटतो, सर रॉबर्ट हॅडफिल्ड. तो गेला १९४० साली. इंजिनिअरिंगच्या पोरांना त्याचं नाव परीक्षेपुरतं माहीत असतं. आपल्या भंडारा जिल्ह्याला मात्र ते जास्त माहीत असायला हवं, कारण ज्या धातूनं त्याला जगभर नाव मिळवून दिलं तो धातू आपल्या तुमसर तालुक्यात जमिनीखाली आहे. मँगनीज.

बापाचा कारखाना, पोराचा नाद

रॉबर्टचा जन्म २८ नोव्हेंबर १८५८ चा, शेफिल्डच्या ॲटरक्लिफ भागातला. शेफिल्ड म्हणजे तेव्हा पोलादाची पंढरी. सुऱ्या, करवती, तोफा, रेल्वेचे भाग, सगळं तिथून जगभर जायचं. त्याच्या वडिलांचं नावही रॉबर्टच. १८७२ मध्ये त्यांनी पोलादाचे ओतीव भाग बनवणारी फाउंड्री काढली.

पोरगा कॉलेजच्या वाटेला गेलाच नाही. शाळा झाली आणि तो थेट पोलादाच्या धंद्यात शिरला. पण त्याची एक सवय बाकीच्या कारखानदारांच्या पोरांपेक्षा वेगळी होती. तो प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवायचा. किती टक्के काय घातलं, किती तापवलं, कसं थंड केलं, मग काय झालं. त्या काळात शेफिल्डचा धंदा हाताच्या अंदाजावर चालायचा. अनुभवी कारागीर भट्टीचा रंग बघून सांगायचा की माल तयार आहे. त्यामुळे या वहीवाल्या पोराकडे लोक कसे बघत असतील, याची कल्पना करता येते.

१८७८ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे तेरनुआर नावाच्या फ्रेंच कारखान्यानं मँगनीजचं प्रमाण भरपूर असलेली मिश्रणं मांडली होती. वीस वर्षांच्या रॉबर्टच्या डोक्यात तिथून मँगनीज शिरलं ते शेवटपर्यंत निघालं नाही.

सगळे जिथे थांबले, तिथून तो पुढे गेला

पोलादात थोडंसं मँगनीज घालणं तेव्हा नवीन नव्हतं. अडचण पुढे होती. मँगनीज अडीच-तीन टक्क्यांच्या वर नेलं की पोलाद इतकं ठिसूळ व्हायचं की हातोड्याच्या फटक्यात तुकडे. लोकांनी साधा हिशोब केला: तीन टक्क्यांवर वाईट, पाचवर आणखी वाईट, मग दहावर काय होणार हे सांगायला कशाला हवं? आणि सगळे तिथेच थांबले.

हॅडफिल्डला हवं होतं एक कमालीचं कठीण पोलाद, ट्रामची चाकं आणि घासायची चाकं बनवायला. १८८२ मध्ये, चोविशीच्या आत, तो मँगनीजचं प्रमाण वाढवतच गेला. बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास एकदम उलटं घडलं. ठिसूळपणा गेला आणि जे हाती आलं ते घण मारला तरी तुटेना.

आणखी विचित्र गोष्ट पुढे आहे. साधं चांगल्या कार्बनचं पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की कठीण आणि ठिसूळ होतं. आपल्याकडचा लोहार विळ्याला पाणी देतो ते याचसाठी. हॅडफिल्डचं पोलाद पाण्यात बुडवलं की उलट चिवट व्हायचं. ते लोखंडाचंच बनलेलं असूनही त्याला चुंबक चिकटायचं नाही. आणि जितका मार खाईल तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जायचा. पेटंट झालं १८८३ मध्ये.

आता कुणालाही वाटेल की दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरींचा पाऊस. तसं झालं नाही. हे पोलाद इतकं हट्टी होतं की त्याला कापायला, भोक पाडायला हत्यारंच पुरी पडत नव्हती. जे कापता येत नाही ते विकायचं कसं? बाजार मिळायला जवळपास दहा वर्षं गेली. शेवटी ते बसलं जिथे सतत ठोकर बसते तिथे: दगड फोडायच्या क्रशरचे जबडे, खाणीतल्या यंत्रांचे दात आणि रेल्वे-ट्रामच्या रुळांची क्रॉसिंग, म्हणजे एक रूळ दुसऱ्याला छेदतो ती जागा.

ही शेवटची वस्तू आपण आजही बघतो. भारतीय रेल्वेत तिला सीएमएस क्रॉसिंग म्हणतात, म्हणजे ओतीव मँगनीज पोलादाचं क्रॉसिंग. गाडी सांधा बदलताना खडखडाट होतो तेव्हा कित्येकदा चाकाखाली हॅडफिल्डच्याच पोलादाचा नातेवाईक असतो.

१८८८ मध्ये वडील वारले. कंपनी रॉबर्टच्या हातात आली तेव्हा तो तिशीतही नव्हता. पुढची पन्नास वर्षं तोच प्रमुख. इंग्लंडमध्ये कामगारांना आठ तासांचा दिवस देणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांत त्याचं नाव येतं. १८९४ मध्ये त्यानं फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस विकरशॅमशी लग्न केलं. याच काळात त्यानं सिलिकॉन घातलेलं पोलादही विकसित केलं. त्याच जातीच्या पोलादाच्या पत्र्यांचा गाभा आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. त्याच्यावर वेगळा लेख होईल, इथे थांबतो.

उणे १८० अंशांतलं पोलाद

आता मूळ विषय. १९०० च्या आसपास जगातली सगळ्यात थंड प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोजक्या लोकांत लंडनचा जेम्स ड्यूअर होता. थर्मास ज्याच्यावरून आला तो निर्वात फ्लास्क त्याचाच. तो हवा थंड करून तिचं पाणी करायचा. ही द्रवरूप हवा साधारण उणे १८० अंशांची असते. हॅडफिल्ड आपल्या पोलादाचे नमुने घेऊन ड्यूअरकडे गेला. दोघांनी ते द्रवरूप हवेत बुडवून ताणून बघितले आणि १९०४-०५ मध्ये निकाल छापले.

निकाल वाचून पहिल्यांदा आनंदच होईल. थंडीत लोखंडाची ताकद दुपटीच्याही वर गेली! पण त्याच तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात वाईट बातमी होती. साध्या तापमानाला जे मऊ लोखंड तुटण्याआधी चांगलं लांबायचं, ते द्रवरूप हवेत जवळजवळ लांबतच नव्हतं. ताण वाढत गेला आणि एका क्षणी खट्‌कन तुटलं. निकेल मिसळलेली काही पोलादं मात्र त्या थंडीतही बऱ्यापैकी लांबत होती.

ताकद आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बोलताना एकच समजतो. काचेचा ग्लास आणि स्टीलचा पेला घ्या. काच बऱ्यापैकी कठीण असते, पण हातातून पडली की संपली. पेल्याला पोचा येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातच चहा. पूल बांधताना आपल्याला पेला हवा असतो, कारण पोचा आलेला दिसतो, दुरुस्त करता येतो, पळायला वेळ मिळतो.

साधं बांधकामाचं पोलाद एका विशिष्ट तापमानाच्या खाली गेलं की पेल्याचं काच होतं. ते तापमान प्रत्येक पोलादाचं वेगळं, एखाद्याचं उणे चाळीस, एखाद्याचं चक्क अधिक तीस. टायटॅनिकच्या तळाशी सापडलेल्या पत्र्याची चाचणी झाली तेव्हा तो दुसऱ्या प्रकारातला निघाला. हॅडफिल्डच्या मँगनीज पोलादाला असा कडा नाही. तेही थंडीत चिवटपणा गमावतं, पण उतारावरून हळूहळू, कड्यावरून एकदम नाही.

हॅडफिल्डनं हा नाद म्हातारपणीही सोडला नाही. हॉलंडमध्ये लायडनच्या प्रयोगशाळेत द हास या शास्त्रज्ञासोबत त्यानं धातूंचे ४१ नमुने द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे २५२.८ अंशांना तपासले. तो निबंध १९३३ चा. तेव्हा त्याचं वय चौऱ्याहत्तर.

मग पुलाचं काय?

आजकालचे बरेच पूल पोलाद आणि काँक्रीट एकत्र करून बांधतात. खाली पोलादी गर्डर, वर काँक्रीटचा स्लॅब. स्लॅब नुसता गर्डरवर ठेवला तर दोघं वेगवेगळे वाकतात आणि एकमेकांवर सरकतात. मोकळ्या पानांची वही कशी सहज वाकते? तीच पानं डिंकानं चिकटवली की पुठ्ठा होतो, वाकता वाकत नाही. पुलात डिंकाचं काम स्टड करतात. हे जाड टोपीचे खिळ्यासारखे तुकडे, गर्डरच्या माथ्यावर ओळीनं वेल्डिंग केलेले. वरून काँक्रीट ओतलं की टोप्या आत अडकतात आणि दोन वस्तूंची एक वस्तू होते.

थंडीत काय होतं? सुदैवानं दोघंही जवळपास सारखेच आकसतात. तीस अंशांवरून उणे तीसवर गेलं तर ४० मीटरचा पोलादी गर्डर सुमारे २९ मिलीमीटर आखूड होतो आणि काँक्रीट सुमारे २४. उरलेल्या पाच मिलीमीटरची ओढाताण स्टड झेलतात. आता काँक्रीट बघा. त्याच्या बारीक छिद्रांतलं पाणी गोठतं आणि काँक्रीट उलट जास्त मजबूत होतं. स्टडचं पोलादही थंडीत जास्त ताकदवान होतं. अशा जोडांच्या अतिथंड चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत जोडाची ताकद वाढलेलीच दिसते.

म्हणजे सगळं छान? हॅडफिल्डचा शेजारचा रकाना आठवा. स्टडची रांग टिकते ती थोडं वाकण्यामुळे. ज्या स्टडवर आधी भार येतो तो जरासा झुकतो आणि उरलेला भार शेजाऱ्याला देतो, तो पुढच्याला. लग्नाच्या पंगतीत एकाच वाढप्याच्या हातात सगळी पातेली देत नाहीत, तसंच. स्टड किंवा त्याच्या पायाचं वेल्डिंग थंडीनं काचेसारखं झालं असेल तर पहिला स्टड झुकायच्या ऐवजी तुटतो, त्याचा भार एका झटक्यात दुसऱ्यावर येतो, तोही तुटतो, आणि रांग चेन उघडावी तशी उघडत जाते. सगळ्यात नाजूक जागा वेल्डिंगची, कारण तिथे पोलाद वितळून पुन्हा गोठलेलं असतं.

वेल्डिंग आणि थंडी एकत्र आली की काय होतं, हे युरोपनं हॅडफिल्डच्या डोळ्यांदेखत बघितलं. बेल्जियममध्ये अल्बर्ट कालव्यावर हासेल्ट गावाजवळ नव्या पद्धतीचा, पूर्ण वेल्डिंगनं जोडलेला पोलादी पूल बांधला होता. मार्च १९३८ मधल्या एका थंड सकाळी बंदुकीसारखा आवाज झाला, खालच्या भागात तडा गेला आणि काही मिनिटांत पूल कालव्यात. जानेवारी १९४० च्या थंडीत त्याच देशात त्याच प्रकारच्या आणखी दोन पुलांना तडे गेले. मग जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना, मधोमध फाटलं. ना वादळ, ना टॉर्पेडो.

मला यात सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही वाटते की माहिती होती. थंडीत लोखंड लांबत नाही हे १९०४ पासून छापलेलं होतं. खाच पाडलेला तुकडा लोलकाच्या फटक्यानं तोडून चिवटपणा मोजायची शार्पीची चाचणी १९०१ पासून होती. पण पूल आणि जहाजं बांधणारे पोलाद विकत घेताना ताकदीचा आकडा बघायचे. रिव्हेट मारलेल्या जुन्या बांधकामात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा, म्हणून ते निभावलं. वेल्डिंगनं सगळं एकसंध केलं आणि तड्याला थांबायला जागाच उरली नाही.

महायुद्धानंतर पोलादाचे नियम बदलले. त्यातला एक मोठा बदल: कार्बन कमी, मँगनीज जास्त. हॅडफिल्डसारखं बारा टक्के नाही, साधारण एक-दीड टक्का. एवढं मँगनीज पोलादातल्या गंधकाला पकडून ठेवतं, कण बारीक करायला मदत करतं आणि पेल्याची काच व्हायचं तापमान खाली ढकलतं. आपल्या आयएस २०६२ या मानकातही त्यामुळेच उपप्रकार आहेत. बीआरची फटक्याची चाचणी साध्या खोलीच्या तापमानाला, बी-शून्यची शून्य अंशाला आणि सी प्रकाराची उणे वीसला. लाखनीच्या पुलाला सी प्रकार मागणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर. द्रासला मात्र तो न मागणं गुन्हा.

काश्मीरमधल्या चिनाब पुलाचे रील्स सगळ्यांनी बघितले असतील, नदीपासून ३५९ मीटर उंच, जून २०२५ मध्ये खुला झालेला. त्याच्या कमानीच्या पोलादी पेट्यांत काँक्रीट भरलेलं आहे, म्हणजे तिथेही पोलाद आणि काँक्रीटची जोडीच. उणे दहा अंशांपर्यंतचा विचार करून त्याचं पोलाद निवडलं गेलं. पुढच्या वेळी तो रील आला की उंचीच्या आकड्यासोबत हा उणे दहाचा आकडाही आठवा.

दिल्लीचा लोहस्तंभ आणि तुमसरची खाण

हॅडफिल्डचा भारताशी संबंध दोन प्रकारचा. एक त्यानं स्वतः जोडलेला. जुन्या लोखंडाचं त्याला वेड होतं. १९१२ मध्ये त्यानं दिल्लीच्या कुतुबमिनारजवळच्या लोहस्तंभाच्या लहानशा नमुन्याचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. लोखंड ९९.७२ टक्के, कार्बन ०.०८, फॉस्फरस ०.११४. आणि मँगनीज? शून्य. ज्या माणसानं आयुष्यभर मँगनीज विकलं, त्याला दीड हजार वर्षांहून जुन्या लोखंडात ते कणभरही सापडलं नाही. त्यानं तो आकडा जसाच्या तसा छापला.

दुसरा संबंध मालगाडीचा. हॅडफिल्डच्या शोधाचा बाजार वाढत होता, त्याच काळात, १९०० च्या आगेमागे, तेव्हाच्या मध्य प्रांतात नागपूर, भंडारा, बालाघाट पट्ट्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. काही वर्षांत भारत जगातल्या सगळ्यात मोठ्या मँगनीज पुरवठादारांत गेला. भूवैज्ञानिक फर्मर यानं १९०९ मध्ये या खनिजावर प्रचंड मोठा ग्रंथ काढला. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा या खनिजाचाच. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी आजही चालू आहेत, आता सरकारी मॉइल कंपनीच्या.

खनिज इथून कच्चं जायचं. किंमत चढायची ती परदेशातल्या भट्टीत. टोपलीनं दगड वाहणाऱ्या बाया-माणसांची नावं कुठल्याच पेटंटवर नाहीत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हात थरथरतात, चाल बिघडते, हे स्कॉटलंडमधल्या कामगारांवरून १८३७ मध्येच नोंदवलं गेलं होतं. हीही माहिती होती.

हॅडफिल्डच्या कारखान्याचा सुवर्णकाळ आला पहिल्या महायुद्धात. सुमारे पंधरा हजार लोक कामाला, तोफगोळ्यांचे ढीग. ब्रिटिश सैनिकांच्या थाळीसारख्या लोखंडी टोप्या त्याच्याच मँगनीज पोलादाच्या बनल्या. इकडे नवरा तोफगोळे बनवत होता आणि तिकडे फ्रान्सिस फ्रान्सच्या किनाऱ्यावर विमरो इथे जखमी सैनिकांचं इस्पितळ चालवत होती. १९०८ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली होती, १९०९ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९१७ मध्ये बॅरोनेट. ही पदवी बापाकडून मुलाकडे जाते, पण त्याला मूल नव्हतं, त्यामुळे ती त्याच्याबरोबरच संपली.

तो गेला ३० सप्टेंबर १९४० ला. लंडनवर तेव्हा रोज रात्री जर्मन बॉम्ब पडत होते. बेल्जियमचे पूल तडकून आठ महिने झाले होते आणि स्केनेक्टडी जहाज फाटायला अजून सव्वादोन वर्षं होती.

त्याचा ईस्ट हेक्ला कारखाना आता उरलेला नाही. त्या जागेवर १९९० पासून मेडोहॉल नावाचा मॉल आहे. वर्‍हाडी घेऊन यावं तशी माणसं शनिवारी तिथे खरेदीला येतात. इकडे तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गला, काळा दगड अजून निघतोच आहे.